मेधा मॅडम, तुमचा आक्षेप अजून तसाच आहे

मेधा मॅडम,

तुम्ही गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. कंपनीची बस अजून डांगे चौकात थांबते. पहिल्या सोमवारी मला वाटलं, बबनमामांना कुणी सांगितलं नसेल. मी सीटवरून उठून त्यांच्यापाशी गेले आणि हळू म्हटलं, "मामा, मॅडम आता येणार नाहीत." त्यांनी समोर बघतच सांगितलं, "ठावं हाय गं. घाटावर मी व्हतोच की. पाय आपसूक ब्रेकवर जातो, त्याला काय करू?" दार उघडलं आणि मिनिटभर तसंच उघडं राहिलं. मागून कुणी "चला मामा, पंचिंग हुकेल" म्हणून ओरडलं नाही. आपल्या बसमध्ये असं कधी होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्हाला मी चार ओळींपेक्षा मोठं कधी काही लिहिलं नाही. जे लिहिलं ते कामाच्या नोंदीत, आणि त्यातही तुम्ही चुका काढल्यात. "काय केलं ते नको लिहूस, ते मला कोडमध्ये दिसतंय. का केलं ते लिही." हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणाला असाल. म्हणून आज का लिहितेय ते आधी सांगते.

शुक्रवारी दुपारी तुम्ही माझ्या कामावर आक्षेप घेतलात आणि शनिवारी सकाळी गेलात. तो आक्षेप मागे राहिला. स्क्रीनवर तुमच्या नावापुढे लाल खूण होती, आणि तिच्याखाली यंत्राचं ते इंग्रजी वाक्य, जे मी मनातल्या मनात मराठीत वाचायचे: मेधा यांनी बदल मागितले आहेत, त्यांची मंजुरी मिळेपर्यंत हे काम पुढे जाणार नाही. तुमच्या दहाव्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आले, परत जागेवर बसले, लॅपटॉप उघडला, तर तेच. मंजुरी मिळेपर्यंत.

आईला फोनवर हे सांगायला गेले तेव्हा कळलं, आपलं भांडण बाहेरच्या माणसाला समजावणं किती अवघड आहे. हिंगोलीकडे असल्या गोष्टी कुणाला सांगणार? ती म्हणाली, "एवढी माया लावणारी बाई, अन् शेवटच्या दिवशी कामून भांडलीस तिच्याशी?" म्हटलं, आई, असं समज, आम्ही आठ जण मिळून एकच पुस्तक लिहितो. मशीनने काय करायचं, ते सांगणारं पुस्तक. त्याची खरी प्रत एकच, तिला मेन म्हणतात. जो तो आपली नक्कल काढून तिच्यात बदल करतो, ती त्याची ब्रँच. मग दुसऱ्या कुणीतरी ते बदल वाचायचे आणि ठीक आहे म्हटलं, की ते खऱ्या प्रतीत मिसळायचे. तो मर्ज. मॅडमनी माझं वाचलं आणि ठीक आहे म्हटलं नाही.

"मंग?"

मग काही नाही. एवढंच.

"दुसऱ्या कोणाला ठीक हाय म्हणाय लाव की," आई म्हणाली. आपले साहेब, कदम सर, पण तेच म्हणाले.

*

तुमची आठवण काढायला बसले की मला आधी हातमोजा आठवतो. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात हार्नेस लाइनवर होते. गाडीतल्या वायरींचा गुच्छ बांधायचा, एक वायर लावली की तक्त्यावर एक टिक, दुसरी लावली की दुसरी टिक. तुम्ही तुमच्या कंपनीचं तपासणीचं मशीन बसवायला आला होतात. तुम्ही लाइनवरच्या सगळ्या बायकांना विचारलंत, मशीन कसं वाटतं? सगळ्या म्हणाल्या, छान आहे. मी म्हटलं, लाल आणि हिरवं बटण इतकं जवळ आहे की हातमोजा घातला की दोन्ही दाबली जातात. सुपरवायझरने डोळे वटारले. तुम्ही माझा हातमोजा मागून घेतलात, तेलकट, भोक पडलेला, हातात घातलात आणि बटण दाबून बघितलंत. दोन्ही दाबली गेली. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "हे आमच्यात कुणाला कळलं नाही बघ. नाव काय तुझं?"

चार महिन्यांनी तुमच्या कंपनीत मशीन तपासायला माणूस हवा होता, तेव्हा तुम्ही मला शोधत लाइनवर आलात. शिक्षण विचारलंत. मी खाली बघून नववी म्हटलं. शाळा का सुटली ते तुम्ही विचारलं नाही, शेवटपर्यंत कधीच विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही फक्त सतरा नंबरचा फॉर्म आणून टेबलावर ठेवलात. "दहावी बाहेरून देता येते. भर." गणित तुम्ही बसमध्ये शिकवलंत, डांगे चौक ते चाकण, रोज एक प्रकरण, कांद्याच्या ट्रकांमुळे रस्ता तुंबला की दोन.

तपासता तपासता मी कोड वाचायला लागले, वाचता वाचता लिहायला. पण ही ब्रँच आणि मर्जची भानगड माझ्या डोक्यात शिरेना. मी आपली फोल्डरच्या नकला काढायचे. फायनल, फायनल नवीन, फायनल नवीन चालू, फायनल अर्चना हात लावू नये. तुम्ही एकदा तो फोल्डर बघितलात आणि कपाळाला हात लावलात. मग म्हणालात, "लाइनवर तू एका वेळी किती वायरी लावायचीस?"

"एक."

"पन्नास वायरी एकदम कोंबून मग एकदाच टिक केली असतीस तर?"

"सुपरवायझरने घरी पाठवलं असतं."

"मग इथे का कोंबतेस? एक बदल, एक टिक. त्यालाच कॉमिट म्हणतात. बाकी सगळं इंग्रजी आहे, घाबरू नकोस."

मी पुष्कळ लोकांकडून पुष्कळ शिकले असेन. पण मला आधीच येत असलेल्या गोष्टीतून नवीन गोष्ट काढून दाखवणारं माणूस तुम्ही एकच भेटलात.

*

आता ते लिहिते, जे लिहायचं म्हणून हात थांबतोय.

चार वर्षांपूर्वी मी पुण्याच्या पलीकडच्या एका कारखान्यात आठवडाभर मशीनपाशी होते. परत आले, माझे बदल वर चढवायला गेले, तर यंत्राने नाकारले. तुमची प्रत मागे पडली आहे, आधी नवीन आणा. नवीन आणायला गेले तर एकाच ओळीवर माझं वेगळं, शेजारच्या टेबलावरच्या सागरचं वेगळं, आणि दोन्ही अलग दाखवायला मधे यंत्राने घातलेलं ते बाणांच्या खुणांचं कुंपण. कुठलं ठेवू? हे म्हणजे दोन्ही जावांचं ऐकून घ्यायचं आणि स्वयंपाक मात्र एकच करायचा. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. दुसऱ्या कुणाला विचारायची लाज वाटली. सगळे इंजिनियर, आणि मी त्यांच्यात दहावीचा निकाल नुकताच लागलेली. मी इंटरनेटवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, या कमांडच्या पुढे जबरदस्तीचा शब्द लावा, लगेच होईल. मी लावला. लगेच झालं. मी खुशीत चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सागर उभा राहून ओरडत होता, "राव, माझं तीन दिवसांचं काम कुठं गेलं? मेनवरच नाही!" एकट्या सागरचंच नाही, चौघांचं गेलं होतं; माझ्या जुन्या प्रतीने खऱ्या प्रतीची जागा घेतली होती. सगळे एकदम आपापल्या लॅपटॉपवर तुटून पडले. तेव्हा तुम्ही आत आलात, बॅग खांद्यावरच होती, आणि म्हणालात, "हात वर. सगळ्यांनी. कुणी काही चढवायचं नाही, कुणी काही उतरवायचं नाही." आणि खरंच सगळ्यांनी हात वर केले, कदम सरांनीसुद्धा. तुम्ही सागरच्या मशीनवर जुनी प्रत शोधलीत, तिच्यावरून दुपारपर्यंत सगळं जागेवर आणलंत. मधे एकदा तुम्ही नोंदी बघितल्यात. कुणी केलं ते तिथे नावासकट होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मला त्यावरूनच कळलं की तुम्हाला कळलं.

कदम सरांनी विचारलं, "कुणी केलं हे?"

"माझ्याकडून झालं," तुम्ही म्हणालात. "मेनला कुलूप नव्हतं. ते लावायचं काम माझं होतं, मी लावलं नाही."

त्याच दुपारी तुम्ही कुलूप लावलंत. यापुढे दुसऱ्या माणसाने वाचून मंजुरी दिल्याशिवाय मेनमध्ये काही जाणार नाही. आणि त्याने आक्षेप घेतला, तर त्यानेच तो उठवायचा.

बसमध्ये मी रडत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तुझी नोकरी अजून कच्ची आहे, माझी पक्की आहे. विषय संपला. तो शब्द परत टाइप करायचा नाही." मी मान हलवली. आणि विषय खरंच संपला. चार वर्षं ऑफिसात सगळे समजत राहिले की मेन तुम्ही उडवलं. सागर तर कुणी नवीन आलं की सांगायचा, "आपल्याकडे ही कुलपं का आहेत माहितीये का भावा? मॅडमकृपा." तुम्ही हसायचात. मी पण हसायचे. मॅडम, मी पण हसायचे.

मी यावर खूप विचार केलाय या दिवसांत. तुम्ही मला वाचवलंत यात शंका नाही. नाहीतर मी परत लाइनवर गेले असते, किंवा गावी. पण तुम्ही मला एकदाही विचारलं नाही, की अर्चना, तू सांगतेस का? कदाचित मी नाहीच म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतं, असं आता वाटतं. राग म्हणून नाही लिहीत. तुम्ही असतात तर हे बसमध्ये बोलले असते आणि तुम्ही "बरं बाई, चुकलं माझं" म्हणाला असतात, म्हणून लिहितेय.

आपला तो दुसरा वाद पण याच जातीचा होता. मेनमध्ये मिसळायच्या आधी आपल्या बारीकसारीक नोंदी एकत्र करून एकच नीटस नोंद करायची, असं तुमचं म्हणणं. "तुझ्या 'परत बघू', 'आता तरी चाल', 'झालं एकदाचं' या नोंदी दहा वर्षांनी कोण वाचणार आहे?" मी म्हणायचे, मग मी किती वेळा चुकले ते कुठे दिसणार? "कुणाला बघायचंय ते?" मला, मी म्हणायचे. मला बघायचंय. तुम्ही म्हणायचात, इतिहास वाचणाऱ्यासाठी असतो, लिहिणाऱ्यासाठी नसतो. दोन वर्षं झाली, हा वाद काही मिटला नाही. नाहीतरी तो मिटावा अशी आपल्या दोघींची इच्छा नव्हती. चाकण येईपर्यंत पुरायचा.

*

शेवटच्या कामाचं तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण त्या दिवशी मी नीट सांगितलंच नाही.

ब्रेकच्या तेलाच्या टाक्या तपासायचं मशीन. टाकीत हवा भरायची, थांबायचं, दाब उतरला तर टाकी गळकी. तीन आठवडे मी कस्टमरच्या कारखान्यात होते. गेटवर फोन जमा, पेन ड्राइव्ह बंद, इंटरनेट नाही. जे बदल करायचे ते तिथल्या मशीनच्या कॉम्प्युटरवरच करायचे. सकाळी त्यांचा माणूस सांगायचा टाकीवरचं लेबल असं हवं, दुपारी दुसरा सांगायचा तसं हवं. एक बदल एक टिक, हे तिथे कुठलं जमायला? शेवटच्या दिवशी त्यांची परवानगी काढून तीन आठवड्यांचं सगळं एकदम उचलून आणलं. इकडे मेन पुढे निघून गेलं होतं. दोन दिवस त्या बाणांच्या कुंपणातच गेले. वर तिथल्या कोड लिहायच्या एडिटरने सगळ्या फायलींतल्या ओळी आपल्या मनाने पुढे-मागे सरकवून ठेवल्या होत्या. तुम्ही उघडलंत तेव्हा दोन हजारांवर ओळी बदललेल्या दिसत होत्या, सगळं लाल-हिरवं.

तुम्ही लिहिलंत: "अर्चना, हे मला वाचता येत नाही. खरा बदल कुठला आणि नुसती सरकलेली ओळ कुठली, कळत नाही. तोडून दे. एका वेळी एक गोष्ट."

मी तुमच्या टेबलापाशी आले. "मॅडम, मशीन तिथे चालतंय. पार्ट पास होतायत. कस्टमर खूश आहे."

"पार्ट पास होतायत ते मला माहीत आहे. का पास होतायत, ते दाखव."

"तीन आठवडे मी तिथे उभी होते. तुमचा माझ्यावर विश्वास नाही. डिग्रीवाल्यांचं तुम्ही असं अडवत नाही."

हे खोटं होतं. सागरचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त अडवायचात. मला माहीत होतं ते खोटं आहे, तरी बोलले, कारण तेच सगळ्यात जास्त लागेल हेही माहीत होतं. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "आत्ता तू रागात आहेस. सोमवारी बोलू. मला पण जरा बरं वाटत नाहीये."

मला यातलं 'सोमवारी' एवढंच ऐकू आलं.

बसमध्ये मी मागे जाऊन बसले. तुम्ही नेहमीच्या जागी, खिडकीशी. शेजारच्या सीटवर तुम्ही पर्स ठेवली होती. कुणीतरी बसू का विचारलं, तुम्ही मान हलवून नाही म्हणालात. डांगे चौक आला तेव्हा ती पर्स उचललीत आणि उतरलात. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं होतं.

*

दहावं झाल्यावर दोन दिवसांनी सकाळच्या मीटिंगमध्ये कदम सरांनी विषय काढला. कस्टमर ट्रायल घेतोय, पुढच्या आठवड्यात मशीन चालू उत्पादनावर जाणार, आणि आपल्या मेनमध्ये त्याचा कोडच नाही. "अर्चना, काय अडलंय?"

"मॅडमचा आक्षेप आहे, सर."

"अगं पण..." ते थांबले. "ठीक आहे. मी अ‍ॅडमिन आहे, मी काढून टाकतो. एक बटण आहे. कारण लिहायला सांगतं, लिहू काहीतरी."

मी म्हटलं, त्यांनी तोडून मागितलं होतं, सर. तोडायला हवं.

तेव्हा सागर बोलला. तो वाईट नाही, तुम्हाला तर तो आवडायचाच. घाटावर सगळ्यात जास्त तोच रडला. पण मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून गेलं, "सोड ना राव. मॅडम मॅडमच होत्या, पण त्यांनीच एकदा अख्खं मेन उडवलं होतं. तेव्हापासून त्यांना प्रत्येक गोष्टीची भीतीच बसली होती. ते किती मनावर घ्यायचं?"

कदम सर म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल नको रे." पण त्यांनी मान हलवली ती सागरला पटल्यासारखी.

आणि मी गप्प बसले. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहायचा मला हक्क नाही. मी त्या सकाळी गप्प बसले. मनात हिशेब चालला होता, काळेवाडीची खोली, आईचं औषध, माझा बायोडेटा ज्यात दहावीच्या पुढे काही नाही. दिवसभर मी कदम सरांच्या दाराकडे बघत होते, की हे आता बटण दाबतील. दुसऱ्या गावाहून आलेल्या माणसाला सारखी एक धास्ती असते मॅडम, की कुणीतरी येईल आणि म्हणेल, तू इथे कशी? तुम्ही ती धास्ती ओळखली होतीत म्हणून तर ते वाक्य बोललात, माझ्याकडून झालं. आणि आता त्याच वाक्यामुळे तुमचं शेवटचं म्हणणं कचऱ्यात जात होतं. जी चूक तुम्ही केलीच नव्हती, तिच्यापायी.

दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू व्हायच्या आधीच मी बोलले. "सर, चार वर्षांपूर्वी मेन मॅडमनी उडवलं नव्हतं. मी उडवलं होतं. नोंदीत नाव असेल तर बघा. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

मग सागर म्हणाला, "अगं, माझे तीन दिवस होते ते!" एवढ्या वर्षांनी त्याला परत तेवढाच राग आला. आणि लगेच दुसऱ्या क्षणी त्याचा चेहरा उतरला. "मी त्यांच्या वाढदिवसाला केक कापताना पण तोच जोक मारला होता. सगळ्यांसमोर. त्यांनी मलाच पहिला घास भरवला." तो खाली बसला.

कदम सर बराच वेळ पेन उघडझाप करत होते. "हे तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"हो सर."

"त्यांनी का नाही सांगितलं?"

"माझी नोकरी कच्ची होती, सर."

"आणि आता?"

"ते तुम्ही सांगा."

त्यांनी पेन खिशाला लावलं. "तोडायला किती दिवस?"

"चार."

"तीन घे. आणि मॅडमचा आक्षेप काढायचं ते बटण मी दाबत नाही. जा."

*

तोडायला बसले. नऊ तुकडे झाले. पहिल्या तुकड्यात फक्त सरकलेल्या ओळी. तेवढ्या बाजूला काढल्यावर उरलं किती? साठ-सत्तर ओळी. दोन हजारांच्या ढिगाऱ्यात माझं तीन आठवड्यांचं खरं काम एवढंच होतं. मला आधी रडू आलं, मग हसू. तुम्ही म्हणाला असतात, "बघ, पातेलं एवढं मोठं आणि भाजी चमचाभर."

वाचायचं काम सागरने मागून घेतलं. एक-एक तुकडा मी पाठवायचे, तो वाचायचा, मंजूर करायचा. सहाव्या तुकड्यावर तो माझ्या टेबलाशी आला. "अर्चना, हे आठचं तीन का केलंस?"

मला आठवेना. सहावा तुकडा लेबल छापण्याचा होता, त्यात एक ओळ. टाकीत हवा भरल्यावर मशीनने आठ सेकंद थांबायचं. तिथे तीन लिहिलं होतं. मग हळूहळू आठवलं. दुसऱ्या आठवड्यात लेबल नीट छापतंय का बघत होते, प्रत्येक वेळी आठ सेकंद कोण थांबणार, म्हणून तात्पुरतं तीन केलं. परत आठ करायचं राहिलं. तीन सेकंदांत बारीक गळतीचा दाब उतरत नाही. मशीन थांबतच नव्हतं पुरेसं, म्हणून पार्ट पास होत होते.

का पास होतायत, ते दाखव.

मी सागरकडे बघितलं, त्यालाही कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "चल, सरांना सांगू. मी येतो बरोबर."

कदम सरांनी तिथल्या तिथे कस्टमरला फोन लावला. ट्रायलच्या टाक्या अजून त्यांच्याकडेच रचून ठेवलेल्या होत्या, गाडीपर्यंत गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेले, मशीनवर आठ केलं, आणि सगळ्या टाक्या परत तपासल्या. एका वेळी एक. प्रत्येकीला आठ सेकंद. तिथल्या ऑपरेटर बाई विचारत होत्या, "ताई, कालपर्यंत तर लवकर व्हायचं?" मी म्हटलं, कालपर्यंत चुकीचं होतं, आणि ते मी केलं होतं. हे वाक्य बोलायला आता पूर्वीइतकं जड जात नाही, हे मला तिथे उभं असताना जाणवलं. दोन टाक्या गळक्या निघाल्या.

दोनच. पण ब्रेकच्या. तुमच्या त्या एका ओळीने कुणाची तरी गाडी थांबणार आहे, वेळेवर, कुठल्या तरी चौकात. त्या माणसाला ते कधी कळणार नाही. मला कळलंय, आणि तुम्हाला सांगायला तुम्ही नाही.

*

काल संध्याकाळी पाचच्या सुमारास नववा तुकडा मेनमध्ये गेला. सगळ्या नोंदींत का केलं ते लिहिलंय. सहाव्या तुकड्यात दोन नोंदी आहेत, एक चुकीची आणि एक दुरुस्तीची. सागर म्हणाला, मॅडम असत्या तर एक करायला लावलं असतं. म्हटलं, हो, आणि मी ऐकलं नसतं.

राहिली ती मेनमध्ये मिसळून घ्या म्हणून मी आधी पाठवलेली जुनी, मोठी विनंती, तुमचा आक्षेप असलेली. आता तिची गरज उरली नाही. ती मर्ज करायची नव्हती, त्यामुळे तुमचा आक्षेप उठवायचंही कुणाला कारण नव्हतं. मी तिच्याखाली लिहिलं, "तोडून दिलं आहे, मॅडम. तुमचं बरोबर होतं. डिग्रीबद्दल जे बोलले ते खोटं होतं, ते परत घेते." आणि ती तशीच बंद केली. तुमची लाल खूण तिथे आहे. कंपनी आहे तोवर ती तिथे राहील, आणि जो उघडेल त्याला दिसेल की तुम्ही नाही म्हणाला होतात.

बंद केल्यावर यंत्र संबंधित सगळ्यांना मेल पाठवतं. कुणाकुणाला गेलं त्याची यादी आली, कदम सर, सागर, मी, आणि तुम्ही. तुमचा मेल ऑफिसने अजून बंद केला नसावा; बंद असता तर पत्र परत आलं असतं. मी बस सुटेपर्यंत बघत बसले होते. ते पत्र परत आलं नाही.

तुमची,
अर्चना